पार्किंगमधली नसाब

कुलूप तसं लहानच होतं — पितळी, वापरून वापरून पिवळेपणा उडालेलं, एखाद्या म्हातारीच्या पत्र्याच्या पेटीला शोभावं एवढं — आणि आधी तर पूनमसिंगांना ते आवडलंच. जुनं काम दिसतंय, असं काहीतरी मनात येऊन गेलं. मग कुलपातून निघालेली साखळी दिसली, साखळी चाकाच्या तारांमधून ओवून लोखंडी खांबाला गुंडाळलेली दिसली, मग टाकीवर चिकटवलेला सेवालाल महाराजांचा फोटो दिसला, आणि मग कुठे लख्ख उजेड पडला, की अरे, ही मोटारसायकल तर आपली आहे! माणसाचं डोकं त्रेसष्टाव्या वर्षी असंच चालतं; आधी कौतुक, मग संशय, आणि सगळ्यात शेवटी पंचाईत.

“काका, तुमची हाये काय थे गाडी? दोनशे रुपये दंड हाये तिले. दोन तासाच्या वर झाले.”

छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला माणूस हे बोलला. चाळिशीचा, गळ्यात पावत्यांची पिशवी, मनगटाला दोरी आणि दोरीला किल्ल्यांचा जुडगा. सकाळी याच माणसाने दहा रुपये घेऊन पावती फाडली होती, याच माणसाने बोट दाखवून “तिकडे, खांबापाशी” म्हटलं होतं, आणि तेव्हा तो बरा हसलासुद्धा होता. यवतमाळच्या बाजारामागचा हा मोकळा प्लॉट कुणा मालकाने कुंपण घालून पार्किंगला दिला होता. गाव एवढं वाढलं की गाडी नुसती उभी करायलाही आता दाम मोजावा लागतो. पूनमसिंगांच्या खापरपणज्याचे लोक शेकडो बैलांवर मीठ-धान्य लादून याच मुलखातून जात, रात्र पडेल तिथे गोण्यांची भिंत उभारून मुक्काम टाकत… त्यांना कुणी पावती फाडली असेल का? फाडली असेलही. कुलूप मात्र नसेल घातलं, बैलाच्या पायात कुलूप कसं घालणार, या विचाराचं त्यांना हसूच आलं.

हसू आलं आणि हात खिशाकडे गेला. सवयीने गेला. अडवण्याआधीच गेला. वरच्या खिशात लालीबाईच्या नव्या चष्म्याची लाल डबी होती, तिला बोटं लागली आणि हात तिथेच थबकला.

कारण सकाळी निघताना, पायरीवर उभी राहून, ती बोलली होतीच. घरात दोघं बंजाऱ्यांची गोरबोली बोलत; पण टोमणा मारायचा असला की लालीबाई वऱ्हाडीत शिरत असे, आणि गेल्या चाळीस वर्षांत पूनमसिंगांची वऱ्हाडी त्यामुळेच एवढी पक्की झाली होती. “चष्मेवाला जे मांगन थे देऊन याल तुमी. साऱ्या तांड्याचा न्याय करता, पन स्वतःसाठी तोंडातून एक शब्द निंगत नाई तुमच्या. जा!”

आता हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच टोचलं होतं. बाभुळगावच्या बाजूला त्यांचा तांडा, तांड्याचे ते नायक. बापानंतर नायकपण त्यांच्याकडे आलं, आणि तांड्याची न्याय-पंचायत, जिला त्यांच्यात नसाब म्हणतात, ती बसली की मधल्या घोंगडीवर बसायचा मान त्यांचा. बसले की बसले. कुणाची बकरी कुणाच्या तुरीत शिरली, कोणाच्या पोरीला सासरी कोण काय बोललं — दोन्ही बाजू ऐकायच्या, मधे कुणाला तोडू द्यायचं नाही, आणि शेवटी असं काही बोलायचं की हरलेलाही चहा पिऊनच घरी जाईल. यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

फक्त तो आंबा…

आंबा दोन शेतांच्या धुऱ्यावर, मधल्या बांधावर होता. इकडे पूनमसिंग, तिकडे धाकटा भाऊ भीमसिंग. लालीबाई लग्न होऊन आली तेव्हा ते रोप गुडघ्याएवढं होतं आणि चार उन्हाळे तिने विहिरीवरून डोक्यावर पाणी नेऊन ते जगवलं होतं. पुढे वाटण्या झाल्या, आंबा कुणाचा हा प्रश्न नसाबीपुढे आला, आणि त्या दिवशीही पूनमसिंग घोंगडीवर बसलेलेच राहिले. नायकाने स्वतःकडे ओढलं असं कुणी म्हणू नये म्हणून एका वाक्यात त्यांनी झाड भीमसिंगला देऊन टाकलं. वा नायक, वा नायक, झालं. लालीबाई काहीच बोलली नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती बाजारातून कैऱ्या विकत आणते, लोणचं घालते, आणि पहिली फोड वाढताना म्हणते, “घ्या, इकतच्या आंब्याचं हाये. गोड मानून घ्या.”

आणि आज संध्याकाळी ती विचारणार होती. चष्मा नाकावर चढवून, पहिल्यांदा स्वच्छ बघत, विचारणार होती की काय काय देऊन आले. चष्मेवाल्याने वाजवी पैसे घेतले, तिथे काही बिघडलं नव्हतं. बिघडायचं ते इथे, या चिमुकल्या कुलपापाशी बिघडत होतं. दोनशे रुपयांनी काही तांडा विकायला लागत नाही. पण आज दिले तर ती ‘बरं’ म्हणेल, नुसतं ‘बरं’, आणि तो शब्द विकतच्या लोणच्यासारखा जन्मभर ताटात पडत राहील. नाही. आज नाही द्यायचे. पूनमसिंगांनी हात खिशावरून खाली घेतला, आणि एवढ्यानेच त्यांना अर्धी लढाई मारल्यासारखं वाटलं.

“दोन तासाचं कोनं सांगतलं होतं, भाऊ?”

“बोर्डावर लिवून हाये न.”

“बोर्ड कुठी हाये?”

त्या माणसाने मान न वळवता अंगठ्याने मागे दाखवलं. मागे कुंपणावर एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता — काळा गॉगल, हात जोडलेले, डोक्याभोवती शुभेच्छुकांचे छोटे छोटे फोटो. बोर्ड त्याच्या पाठीमागे होता. म्हणजे असणार. भाऊंच्या गॉगलच्या आतून तो कुणाला वाचता येत असेल तर भाऊंनाच.

खरं म्हणजे दोन तास व्हायचे नव्हतेच. चष्मा तर लगेच मिळाला होता. पण परत येताना चहाच्या टपरीवर दोन ऑटोवाले नंबरवरून हमरीतुमरीवर आलेले, एकाने दुसऱ्याची कॉलर धरलेली… आणि पूनमसिंगांचे पाय तिथे खिळले. भांडण दिसलं की त्यांना पुढे जाताच येत नाही. दुसऱ्यांचं म्हटल्यावर तर नाहीच. “थांबा रे बाबा, एकेक जन बोला,” इथून सुरू झालेलं ते प्रकरण तीन चहांनी मिटलं. चहाचे पैसेही त्यांनीच दिले. हे लालीबाईला सांगायचं नाही, एवढं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं होतं.

“भाऊ, नाव काय तुमचं?”

“फुलचंद.”

“फुलचंदभाऊ, मी काई भांडाले नाई आलो. पन हे बरोबर नाई.”

“बरं, उन्हात कायले उभे राह्यता? या, बसा इथी.” फुलचंद उठला, खुर्ची हाताने पुसून पुढे केली आणि स्वतः विटांच्या ढिगावर टेकला. माणूस मुळात वाईट नव्हता. पूनमसिंग खुर्चीत बसले. बसले, गुडघ्यांवर दोन्ही पंजे ठेवले, घसा साफ केला, आणि छत्रीची सावली, समोर खाली बसलेला माणूस, आजूबाजूला गाड्या काढायला आलेले चार लोक हे सगळं असं काही ओळखीचं वाटलं की तोंडातून आपोआपच निघून गेलं —

“हं. पयले तुमची बाजू सांगा. मधात कोनी बोलनार नाई.”

फुलचंद बघतच राहिला. पार्किंगच्या धंद्यात त्याला लोकांनी शिव्या दिल्या असतील, ओळखी सांगितल्या असतील, कुणी गाडी तशीच ओढत नेली असेल; बाजू कुणी विचारली नव्हती. आधी तो हसला. मग किल्ल्या चाळवत राहिला. आणि मग बांध फुटल्यासारखा बोलायलाच लागला. पार्किंग त्याचं नाहीच, मालकाचं आहे, तो रोजावर. लोक गाड्या लावून एसटीने नागपूरला जातात आणि रात्री येतात, जागा अडते, मालक ओरडतो, म्हणून मालकानेच हा दंड काढला. फ्लेक्स मालकाच्या पुतण्याच्या दोस्तांनी लावला, तो काढायची आपली छाती नाही. कुलपं मोजून दिली आहेत. संध्याकाळी जेवढी कुलपं लागली तेवढा दंड जमा पाहिजे, नाही जमला तर रोजातून कटतो. घरी लेक बारावीला, बायकोचं पोट दुखतं…

“पोट कायच्यानं दुखते?”

“काय मालूम. डॉक्टर बदलून पाह्यले.”

“हूं,” पूनमसिंग म्हणाले. त्यांना फुलचंदचं सगळंच पटत चाललं होतं. बिचाऱ्याचा दोष तो काय? हाताखालचा माणूस. मालक तिकडे, फ्लेक्स तिकडे, मधल्या मधे मरण याचं. आणि आपण खरंच दोन तासांच्या वर होतो. उशिरा आलो हे काही खोटं नाही… डोक्यात निकाल जुळायला लागला होता. नेहमीसारखा, गुळगुळीत, दोन्हीकडून बसणारा निकाल. आता फक्त उच्चारायचा, फुलचंदच्या खांद्यावर हात ठेवायचा, नोट काढायची, आणि चार लोक म्हणणार, वा काका…

“ओ काका,” मागून एक बाई बोलली, “तुमी त्याहिचे वकील हाये का आपले?”

वळून बघितलं तर पन्नाशीची एक बाई. एका हातात ब्लाउजच्या कापडांनी फुगलेली पिशवी, दुसरा हात कमरेवर, आणि शेजारी तिची स्कूटी, जिच्या चाकाला त्याच जातीचं, तसंच चिमुकलं कुलूप. बेबीताई तिचं नाव. शिवणकाम करते हे पिशवीच सांगत होती. “अर्ध्या घंट्यापासून ऐकून राह्यली मी. गाडी तुमची अडकली, अन् पोट दुखलेलं इचारून राह्यले त्याहिच्या बायकोचं!”

लोक हसले. पूनमसिंगही हसले. कमरेवर हात. तोच सूर. चाळीस वर्षं मागे उभ्या असलेल्या कुणीतरी या बाईला पढवून पाठवावं तसं… आणि मग त्यांचं लक्ष स्वतःच्या पंजांकडे गेलं, गुडघ्यांवर ऐटीत ठेवलेल्या, आणि त्यांना कळलं.

मी बसलोय.

एवढंच होतं. त्यांच्या तांड्यात आजोबांपासूनची रीत होती, की निवाडा करणारा बसतो आणि बाजू मांडणारा उभा राहतो. वाद नायकाचा स्वतःचा असला तर नायकाने घोंगडीवरून उठायचं, जोडे काढून समोर उभं राहायचं, आणि जागेवर दुसऱ्याला बसू द्यायचं. रीत साऱ्यांना पाठ. त्यांनीच ती पोरांना शिकवलेली. आणि तरी त्या आंब्याच्या दिवशी कारभारी देवीलाल “नायक, आज मी बसू काय?” असं हळूच विचारत होता, तर यांनी हातानेच त्याला नको म्हटलं होतं. लोकांना वाटलं, केवढं मोठं मन! मन कसलं… उभं राहायची लाज वाटत होती. आपल्याला काही हवं आहे, हे चारचौघांत उभं राहून म्हणायची लाज. खुर्चीत बसून दुसऱ्याला देऊन टाकणं किती सोपं असतं, बसल्या बसल्या माणूस कर्ण होतो, आणि पाणी मात्र दुसऱ्याच कुणीतरी डोक्यावरून वाहिलेलं असतं.

पूनमसिंग उठले. गुडघे करकरले. चपला काढून त्यांनी खुर्चीशेजारी ठेवल्या, अनवाणी पायांनी आपल्या गाडीपाशी गेले आणि कुलपाजवळ उभे राहिले. जमीन तापलेली होती, पाय भाजले, आणि त्यांना उगाचच बरं वाटलं.

“आता माही बाजू,” ते म्हणाले.

आणि पुढे काही सुचेना! दुसऱ्यांच्या बाजू तोंडपाठ सांगणारा माणूस, आणि स्वतःची म्हटल्यावर जीभ टाळ्याला चिकटली. लोक थांबले होते. फुलचंदही विटांवरून उठून उभा राहिला होता, का ते त्याचं त्यालाच ठाऊक नसावं. 

“मी इचारून गाडी लावली,” अखेर ते बोलले. “तुमी बोट दाखवलं तिथीच लावली. पैसे मांगतले थे देल्ले. दोन तासाचं तुमी सांगतलं नाई. बोर्डानं सांगतलं नाई. मले दंड मान्य नाई. मी देनार नाई.”

मी देणार नाही. वाक्य किती लहान! कुणाला लागलं नाही, आभाळ कोसळलं नाही, एक कुत्रं खांबापाशी झोपलं होतं त्याने कानही हलवला नाही. पूनमसिंगांना ते वाक्य पुन्हा म्हणावंसं वाटलं. म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं.

“मंग निवाडा कोन करन?” गर्दीतून कुणीतरी मजेत विचारलं.

“मी करते न,” म्हणत बेबीताई पिशवी सावरून खुर्चीकडे निघाल्या.

“नाई ताई,” पूनमसिंगांनी हात आडवा केला. “तुमच्याही गाडीले कुलूप हाये. तुमाले नाई बसता येत.”

“अरे बाप्पा! मंग बसन कोन?”

फुलचंद बसू शकत नव्हता, त्याच्या हातात किल्ल्या. पूनमसिंग बसणार नव्हते. ज्यांच्या गाड्या मोकळ्या होत्या त्यांनी ‘आपल्याला काय करायचं’ म्हणून मान फिरवली, पण जागेवरून हलले मात्र नाहीत. छत्रीखाली रिकामी खुर्ची आणि तिच्याभोवती उन्हात उभी असलेली शहाणी माणसं, असा तो देखावा झाला.

“आधी थो बोर्ड तर पाहू,” बेबीताई म्हणाल्या आणि सरळ जाऊन त्यांनी भाऊंचा एक कोपरा उचलला. शिवणाऱ्या बाईचा हात. कापड कुठून धरायचं हे त्यांना कुणी सांगायला नको. फ्लेक्स भाऊंच्या हनुवटीपर्यंत गुंडाळला गेला आणि खाली बोर्ड निघाला. निळा, रंग टवटवीत, अक्षरं हातभर. ‘दोन तासांनंतर दंड दोनशे रुपये.’

फुलचंदचा चेहरा उजळला, तोही गरिबासारखा, जरासाच. नियम होता. लिहिलेला होता, मोठ्या अक्षरांत होता. आणि पूनमसिंगांच्या गुडघ्यांत ती जुनी, ओळखीची कळ आली — वाकायची, टेकायची, ‘बरं बाबा, नियम तर आहेच’ म्हणून मोकळं व्हायची… खुर्ची चार पावलांवर होती. सावलीत होती.

त्यांनी बोर्ड दोनदा वाचला. मग म्हणाले, “बरोबर हाये. नियम हाये. मले आत्ता दिसला. तं दोन तास आत्तापासून मोजा.”

बेबीताई अशा हसल्या की हातातून भाऊ सुटले आणि फडफडत पुन्हा बोर्डावर आले. सगळे हसले. फुलचंदने हसू दाबायला तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. पूनमसिंगांना स्वतःचंच नवल वाटत होतं. हे कुठून आलं? इतकी वर्षं हे कुठे दडून बसलं होतं? दुसऱ्यांच्या भांडणांवर आपण किती अक्कल खर्चली, आणि ही एवढी शिल्लक आहे याचा पत्ताच नव्हता.

हसू ओसरल्यावर फुलचंद जवळ आला. “काका, तुमचं पटलं मले,” तो हळू आवाजात म्हणाला. “पन कुलूप काढलं तं माह्या रोजातून कटन. तुमचं अन् ताईचं, दोन्ही.”

ही खरी अडचण होती. इथेच ते नेहमी हरत आले होते; समोरच्याच्या डोळ्यात पाणी दिसलं की यांचा खिसा पाझरायला लागायचा. त्यांनी फुलचंदकडे पाहिलं, मग कुलपाकडे.

“तुमीही नाई द्याचे,” ते म्हणाले. “मीही नाई देनार. मालकाले फोन लावा. म्हना, लोक उभे हाये.”

फुलचंदने घाबरत घाबरत फोन लावला, बाजूला जाऊन बोलला, आणि परत येऊन म्हणाला, “येतो म्हने. जेवन करून येतो.”

“येऊ द्या. आरामात येऊ द्या,” पूनमसिंग म्हणाले. बेबीताईंनी पिशवी स्कूटीच्या सीटवर ठेवली आणि पदर कमरेला खोचला, म्हणजे त्याही थांबणार होत्या. मघाशी मान फिरवलेल्यांपैकी एकजण चहा सांगायला गेला.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. लालीबाई.

“कुठी हाये तुमी? दुपार झाली,” ती वऱ्हाडीत म्हणाली, म्हणजे टोमणा तयार होता. “कोनाचं भांडन मिटवून राह्यले?”

“कोनाचं नाई. माह्यं हाये.”

“तुमचं? तुमचं कायचं भांडन?”

त्यांनी सांगितलं. कुलूप सांगितलं, गॉगलवाले भाऊ सांगितले, बोर्ड सांगितला. ऑटोवाल्यांचा चहा वगळला. पैसे दिले का, असं ती विचारेल म्हणून ते थांबले. तिने ते विचारलंच नाही.

“बसून बोलले का उभे राहून?” तिने विचारलं.

“उभा हावो. चपला काढून.”

फोनमध्ये मागे कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता, तिच्या बांगड्या वाजल्या, पदर तोंडाशी नेला असावा. हसत होती की काय, कळायला मार्ग नव्हता. आणि मग ती बोलली, या वेळी गोरबोलीत, लग्नाच्या पहिल्या वर्षी विहिरीवर बोलायची तशा खालच्या आवाजात. “मग उभेच राहा. घाई करू नका. भाकरी झाकून ठेवते.”

फोन बंद झाल्यावरही पूनमसिंगांनी तो कानाशी तसाच धरून ठेवला. गेटकडून एका चारचाकीचा हॉर्न आला. मालक असेल, नसेलही. फुलचंदने पुन्हा एकदा खुर्ची पुसली आणि सावलीतून त्यांच्यापर्यंत ओढत आणली. “बसा काका, पाय भाजून राह्यले तुमचे.”

“राहू दे,” पूनमसिंग म्हणाले, आणि भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतला.